उसना मंगळवार

शहराची परीक्षा त्याच्या दिवसावरून करावी की रात्रीवरून, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक शहाणी माणसे दिवसाच्या बाजूने कौल देतील. दिवसा शहर काम करते, कर भरते, इमारती बांधते आणि पाहुण्यांना कुतुबमिनार दाखवते. आम्हां बदलीच्या माणसांना तर दिल्ली प्रथम भेटते तीच दिवसा, आणि तीही फायलींच्या ढिगाआडून. परंतु या शहरात दहा-बारा वर्षे कारकुनी केल्यावर आमचे मत थोडे निराळे झाले आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास केंद्रीय सचिवालयाच्या मेट्रो स्थानकावर उभे राहावे आणि गर्दीकडे पाहावे. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र लोंबत असते. त्यावर नाव असते, पद असते, रक्तगटसुद्धा असतो. दिवसाला माणसाविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढे सारे त्या पत्रावर आहे. हा माणूस आता कोठे जाईल आणि तेथे पोहोचल्यावर कोणत्या आवाजात बोलू लागेल, हे मात्र त्यावर नाही. ते रात्रीला ठाऊक असते.

आपली मराठी मंडळींचीच गोष्ट घ्या. पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवनात किंवा एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवात आपण जातो ते काही ज्ञानार्जनासाठी नव्हे. नाटक बहुधा पूर्वी पाहिलेले असते, आणि वक्ते तर दरवर्षी तेच असतात. तरीही आपण जातो. कारण दिवसभर हिंदीत ‘जी’ आणि इंग्रजीत ‘सर’ म्हणून थकलेल्या जिभेला तेथे भाषांतर करावे लागत नाही. आपण कोण, कोठले, असे का बोलतो, असे का जेवतो, यांपैकी कशाचाही खुलासा तेथे कोणी मागत नाही. परगावी राहणाऱ्या माणसाला याहून मोठी विश्रांती नाही, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको.

आता असा एक माणूस कल्पनेत आणा, की ज्याला हे भाषांतर केवळ कचेरीत नव्हे, तर स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईसमोरही करावे लागते. तो बारा महिने तेरा काळ परगावीच आहे; जन्मगावी गेला तरी परगावीच. त्याने संध्याकाळी कोठे जावे? दिल्लीतील समलिंगी मंडळींच्या मद्यगृहांविषयी आम्ही आज लिहावयास बसलो आहो ते या प्रश्नापायी. मद्यगृह हा शब्द वाचून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. ती पडू द्यावी. लेख संपेपर्यंत ती तशीच राहिली तर आमचे काही म्हणणे नाही.

पाश्चात्त्य देशांत अशा जागांना आता इतिहासाचा मान मिळाला आहे. न्यूयॉर्कच्या ख्रिस्टोफर स्ट्रीटवरील स्टोनवॉल इन या बारवर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी धाड घातली, तेव्हा नेहमीप्रमाणे मान खाली घालून निघून जाण्याऐवजी गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला. त्या घटनेच्या स्मरणार्थ पुढे जगभर मिरवणुका निघू लागल्या, आणि २०१६ साली अमेरिकन सरकारने त्या जागेस राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. दुसरी हकीकत कॅनडातील माँट्रियल शहराची आहे, आणि तिचा एक धागा थेट दिल्लीशी जुळतो. १९७७ च्या ऑक्टोबरात तेथील ट्रक्स नावाच्या बारवर धाड पडली आणि एका रात्रीत १४६ पुरुष पकडले गेले. दुसऱ्या रात्री सुमारे दोन हजार लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्वेबेक प्रांताने आपल्या कायद्यात अशा भेदभावाला बंदी केली. पकडल्या गेलेल्या त्या १४६ जणांत लखनौचा एक तरुण होता. तो तेथील मॅकगिल विद्यापीठात शिकत होता. त्याचे नाव सलीम किदवई.

किदवई पुढे दिल्लीस परतले. रामजस महाविद्यालयात त्यांनी इतिहास शिकवला, १९९३ साली ती नोकरी सोडली, आणि २००० साली रूथ वनिता यांच्यासह भारतीय वाङ्मयातील समलिंगी प्रेमाच्या उल्लेखांचा एक मोठा संग्रह सिद्ध केला. ‘हे सारे परदेशातून आले’ असे म्हणणारास त्या ग्रंथाने संस्कृतपासून उर्दूपर्यंतचे पुरावे काढून दाखवले. २०२१ च्या ऑगस्टात त्यांचे निधन झाले. जो माणूस परक्या शहरातील एका बारमध्ये अपराधी म्हणून मोजला गेला, त्याने परत येऊन आपल्या देशाच्या ग्रंथसंग्रहात आपल्यासारख्यांची मोजदाद केली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

मग दिल्लीचे स्टोनवॉल कोठे आहे? आम्ही पुष्कळ शोधले आणि अशा निर्णयास आलो, की तशी वास्तू दिल्लीत नाही. दिल्लीत होता तो एक वार. मंगळवार.

त्या वाराकडे येण्यापूर्वी त्याच्या आधीची स्थिती सांगणे भाग आहे. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम समलिंगी संबंधांस आजन्म कारावासापर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरवीत होते. कायद्याच्या दृष्टीने जो गुन्हेगार, त्याला बैठकीची जागा कोण देणार? त्यामुळे कित्येक वर्षे या मंडळींची दिल्लीतील बैठक म्हणजे सार्वजनिक बागा: चाणक्यपुरीचे नेहरू पार्क, आणि कॅनॉट प्लेसच्या मधोमध असलेले, आता ज्याच्या खालून राजीव चौकाची मेट्रो धावते ते सेंट्रल पार्क. बागेला भाडे नसते, परंतु बागेला दारही नसते. पोलीस कोणत्याही बाजूने आत येऊ शकतो. १९९२ साली सेंट्रल पार्कमधून काही पुरुषांना केवळ संशयावरून पकडून नेण्यात आले, तेव्हा ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या संघटनेने ११ ऑगस्ट रोजी आय.टी.ओ. येथील तत्कालीन पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. याच संघटनेने आदल्या वर्षी या विषयावरचा नागरिकांचा अहवाल छापला होता, आणि हिनेच १९९४ साली ३७७ व्या कलमाविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयात पहिला अर्ज केला. बागेतून उठवलेली माणसे न्यायालयाच्या दारात जाऊन उभी राहिली, असा हा क्रम आहे.

बागेनंतर आली ती बंद दारे. मेहरौली-छतरपूरकडील फार्महाउसांत निमंत्रितांच्या मेजवान्या होऊ लागल्या. पण तेथे जाण्यास मोटार हवी आणि ओळख हवी. ज्याच्याजवळ बसचा पास आणि मुनीरक्यातील भाड्याची खोली एवढेच होते, त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने दार उघडले ते चाणक्यपुरीतील ‘पेग्ज एन पिंट्स’ नावाच्या पबाने. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील मंगळवारची रात्र ही समलिंगी मंडळींची रात्र म्हणून दिल्लीभर ठाऊक झाली होती. इतर सहा दिवस तो पब चारचौघांसारखा पब असे. पाटी बदलत नसे, जाहिरात होत नसे. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्यास संगणकावरून कळवावे, आणि मंगळवारी दहाच्या सुमारास आपोआप ती जागा भरून जावी.

मंगळवारच का? याविषयी आमचा एक तर्क आहे. आपल्याकडे मारुतीचा वार शनिवार. इकडे उत्तरेत तो मंगळवार. बाबा खडकसिंग मार्गावरील हनुमान मंदिरात मंगळवारी पाऊल ठेवण्यास जागा नसते, आणि दिल्लीतील कित्येक घरांत त्या दिवशी मांस शिजत नाही की बाटली उघडत नाही. म्हणजे पबाच्या मालकाच्या दृष्टीने हा आठवड्यातील सर्वांत भाकड दिवस. जो दिवस कोणालाच नको होता तो या मंडळींना मिळाला. गंमत अशी, की मुंबईत कुलाब्याच्या ‘व्हूडू’ नावाच्या पबात अशीच रात्र असे ती शनिवारी. म्हणजे मुंबईत काय किंवा दिल्लीत काय, वार पडला तो मारुतीचाच. हा योगायोग आहे, हे आम्हांस समजते; परंतु ज्याने स्वतः संसार केला नाही, त्या देवाने या बिऱ्हाडहीन माणसांना आपला वार उसना द्यावा, हे काही वाईट झाले नाही.

ही सारी माहिती आम्हांस पुस्तकातून मिळाली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. आमचे एक स्नेही आहेत. सांगलीकडचे, आमच्याहून दहा वर्षांनी वडील, दुसऱ्या एका मंत्रालयात आमच्यासारखेच कारकून. २००५ साली ते दिल्लीस आले. दर मंगळवारी ते कचेरीतून वेळेवर निघत आणि संध्याकाळी कोणाशी चहाससुद्धा थांबत नसत. ‘आज मंगळवार आहे,’ एवढेच सांगत. त्यांच्या अनुभागात त्यामुळे ते मोठे हनुमानभक्त म्हणून प्रसिद्ध झाले, आणि बुधवारी सकाळी कोणी ना कोणी त्यांच्या टेबलावर बुंदीचा प्रसाद आणून ठेवी. तोही ते भक्तिभावाने खात.

पहिल्या मंगळवारी आपण त्या पबासमोरच्या पदपथावर हातात जेवणाचा डबा घेऊन तासभर उभे होतो, असे त्यांनी आम्हांस सांगितले आहे. आत जाणारे लोक पाहून त्यांना प्रथम जे वाटले ते आश्चर्य होते. त्यांची कल्पना, की आत जाणारे काही निराळेच दिसत असतील. आणि दिसले ते बँकेतले वाटावेत, दुकानातले वाटावेत असे लोक. शेवटी ते आत गेले तर त्यांच्याच इमारतीतील, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ समोर! दोघेही क्षणभर पांढरेफटक पडले. मग त्या गृहस्थांनी किंचित मान लववली, जशी कचेरीत लिफ्टमध्ये लववीत तशीच. पुढे नऊ वर्षे ते दोघे एका इमारतीत होते. त्या मंगळवाराविषयी एक शब्द कधी कोणी काढला नाही, परंतु लिफ्टमधील त्या मान लववण्यात जेवढा आधार होता तेवढा आपल्याला सख्ख्या भावाच्या पत्रातही मिळाला नाही, असे आमचे स्नेही म्हणतात.

याच जागी २००८ साली त्यांची एका गढवाली गृहस्थांशी गाठ पडली. तेही केंद्र सरकारच्याच नोकरीत, लघुलेखक. पुढल्या वर्षी दोघांनी एकत्र बिऱ्हाड केले. घरमालकाच्या दप्तरी ती ‘दोन ब्रह्मचारी’ अशी नोंद आहे.

आमच्या सौ.ना यातले काही ठाऊक नव्हते. आमच्या घरी होळीला पुरणपोळीस येणारा, सुस्वभावी, पेन्शनीत नोकरी असलेला गृहस्थ अविवाहित आहे, ही गोष्ट त्यांच्या मनास टोचत असे. दर दिवाळीला त्या एक नवी पत्रिका काढून ठेवीत. स्नेही हसून विषय टाळीत. शेवटी सौ.नी निदान केले, की यांना कडक मंगळ असला पाहिजे. एका रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी ते बोलूनही दाखवले. स्नेही थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वहिनी, माझ्या पत्रिकेत मंगळ आहे खरा, पण तो ग्रह नव्हे, वार आहे.” आणि मग त्यांनी सर्व सांगितले. आम्ही सौ.च्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्या उठल्या, आत गेल्या, आणि बऱ्याच वेळाने सुपारीचा डबा घेऊन बाहेर आल्या. “म्हणजे भाऊजी,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षे होळीला तुम्ही इथे जेवत होता, आणि ते तिकडे एकटे जेवत होते?” पुढच्या होळीस पाने दोन वाढली.

इकडे बाहेरच्या जगातही घडामोडी चालू होत्या. २९ जून २००८ रोजी बाराखंबा मार्गावरून जंतरमंतरकडे दिल्लीतील पहिली मिरवणूक निघाली. काहींनी चेहऱ्यावर मुखवटे चढवले होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाची धार काढून घेतली. नाझ फाउंडेशनच्या अर्जावरील त्या १०५ पानांच्या निकालपत्रावर मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या सह्या आहेत. शहा हे सोलापूरचे, हे आमच्या वाचकांस सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. त्याहून अधिक अभिमान याचा, की त्या निकालाचा एक आधारस्तंभ डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत मांडलेली संवैधानिक नीतीची कल्पना हा होता. समाजाची रूढ नीती आणि राज्यघटनेची नीती या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि विरोध आला तर दुसरी श्रेष्ठ, हे न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्यात अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड हे होते, तो पुन्हा सुलटा केला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरले नाही.

या काळात मंगळवारानेही बिऱ्हाड बदलले. बाराखंबा भागातील ललित हॉटेलात २०११ साली ‘किटी सू’ नावाचे नृत्यगृह सुरू झाले. हॉटेल-समूहाचे केशव सुरी हे स्वतः समलिंगी. २०१८ च्या खटल्यात त्यांनीही अर्ज केला होता, आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या हॉटेलातील कर्मचारी दरवाजात आनंदाने नाचले, ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. उसन्या जागेतून मालकाच्या जागेत येणे, हा फरक लहान नव्हे.

२०१९ च्या हिवाळ्यात स्नेह्यांच्या सोबत्याचा वाढदिवस होता. त्यासाठी ते दोघे, आम्ही आणि आमच्या सौ. असे चौघे तेथे गेलो. जाण्यापूर्वी आम्ही केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील २२ वा नियम एकदा नजरेखालून घातला. सरकारी नोकराने सार्वजनिक ठिकाणी मद्यप्राशन करू नये, आणि जेथे पैसे देऊन का होईना जनतेस प्रवेश आहे ते ठिकाण सार्वजनिक, असे तो नियम सांगतो. तेव्हा आमच्या चौघांच्या पेल्यांत लिंबूपाणी होते, अशी नोंद आम्ही येथे करून ठेवतो.

दिल्लीच्या बहुतेक नृत्यगृहांत एकट्या पुरुषास दारातच अडवतात. पुरुषाबरोबर स्त्री असली तर वाट मोकळी. आमच्या स्नेह्यांना या नियमाने अनेकदा परत पाठवले होते. दोन पुरुष म्हणजे जोडपे नव्हे, दोन एकटे, असा तो हिशेब. त्या रात्री दारावरच्या माणसाने आम्हां चौघांकडे पाहिले आणि हात जोडून “दोन जोडपी? या,” असे म्हटले. स्नेह्यांनी आपल्या सोबत्याकडे पाहिले. शेजारच्या खांबाकडे वळून त्यांनी चष्मा पुसला. आत पुढे जे काही झाले, दिवे, नाच, आवाज, त्याचे वर्णन करण्यास आम्ही असमर्थ आहो. कानास दडे बसले होते. पण दारावरचे ते शब्द आम्ही ऐकले.

मध्यरात्रीच्या सुमारास रंगमंचावर स्त्रीवेषातील एक कलावंत आला. याला तेथे ड्रॅग म्हणतात. आम्हांस वाटले, सौ. आता उठतात. त्या पुढे सरकून बसल्या. त्यांची आजी सांगे, की बालगंधर्व जसा पदर घेत तसा घ्यायला त्या काळच्या बायका शिकल्या. नारायण श्रीपाद राजहंसांच्या स्त्रीपार्टाने ज्या समाजाच्या स्त्रियांना नेसणे शिकवले, आणि ज्यांना १९६४ साली पद्मभूषण देण्यात आले, त्या समाजास पुरुषाने शालू नेसण्यात आश्चर्य वाटण्याचे काही कारण नाही. सौ.नी घरी परतताना निकाल दिला: “नेसला चांगला होता, पण पदर फार ओढीत होता.”

एवढ्यावरून वाचकांनी असे समजू नये, की रात्रीच्या या दुनियेत सारे गोडच आहे. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला पंचतारांकित हॉटेलाचे दार पूर्वीच्या बागेहून दूर आहे. त्याच्यासाठी आजही बाग आहे, मेट्रोचे शेवटचे स्थानक आहे, किंवा हातातला फोन आहे. फोनवर माणूस भेटतो, परंतु माणसे भेटत नाहीत. शंभर जणांच्या घोळक्यात आपण एकशे एकावे असण्याचा जो धीर असतो, तो त्यात नाही. स्त्रियांना तर या रात्रींत वाटा नेहमीच थोडा मिळाला. त्यांनी आपली जागा घेतली ती रस्त्यावर: १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’ चित्रपटावर हल्ले झाले तेव्हा कॅनॉट प्लेसच्या रीगल चित्रगृहासमोर मेणबत्त्या आणि फलक घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि अशा स्त्रिया या देशात आहेत हे राजधानीने प्रथमच फलकावर लिहिलेले वाचले. ते रीगलही २०१७ साली बंद झाले.

आणि आणखी एक उणीव आहे, जी कोणत्याही मद्यगृहास भरून काढता येणार नाही. ते पहाटे बंद होते. मग दहा वाजता कचेरी उघडते.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थमंत्रालयाने एक सूचनापत्र काढले: समलिंगी सोबत्यांनी बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांचे नाव वारस म्हणून नोंदवण्यास कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही अशा सोबत्यांना एक कुटुंब समजावे, असे राज्यांस कळवण्यात आले. त्या दिवाळीत स्नेही व त्यांचे सोबती आमच्या घरी आले ते नवे पासबुक घेऊन. दोघांची नावे एकाखाली एक छापलेला तो त्यांच्या आयुष्यातील पहिला कागद. सौ.नी ते पासबुक देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी स्नेह्यांची बढती निघाली, आणि बढतीबरोबर ईशान्येकडील एका शहरी बदली. पतिपत्नी दोघेही सरकारी नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एकाच ठाण्यात ठेवावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे कार्मिक विभागाने घालून दिली आहेत. ३० सप्टेंबर २००९ चे ज्ञापन आम्हांस जवळजवळ तोंडपाठ आहे. त्याच्या आधारे आम्ही आजवर कितीतरी जणांचे विनंतीअर्ज लिहून दिले आहेत. आईचे आजारपण, मुलाची दहावी, पत्नीची नोकरी: कारण कोणतेही असो, आमची लेखणी कधी अडली नाही. त्या रात्री ती अडली. सोळा वर्षे एका चुलीवर जेवणाऱ्या माणसासाठी नियमांत शब्द नव्हता. स्नेह्यांनी आधी सरळ सत्यच लिहावयास सांगितले; मग सांगलीच्या आईचा विचार करून ते वाक्य खोडले. अखेर आम्ही ‘कौटुंबिक अडचण’ असे दोन शब्द घातले. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: ‘अर्जदार सेवापुस्तकानुसार अविवाहित आहे. कौटुंबिक अडचणीचा खुलासा करावा.’

शेरा लिहिणाऱ्या कारकुनास आम्ही दोष देत नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तोच शेरा लिहिला असता. स्नेह्यांनी खुलासा केला नाही. त्यांनी बढती नाकारली. बढती नाकारणाऱ्यास वर्षभर पुन्हा ती देऊ केली जात नाही, आणि मधल्या काळात खालची माणसे वर निघून जातात; तशी ती गेली. आता ते ज्या तरुणास फायली दाखवतात, त्याला कामाची पहिली ओळख त्यांनीच करून दिली होती. त्यांच्या चेहऱ्यावर याची खंत दिसत नाही. “मंगळवारी मिळालेले माणूस सोमवारच्या हुकुमाने कसे सोडू?” असे एकदा ते म्हणाले, तेवढेच.

वर्तणूक नियमांतील नववा नियम आम्हांस शासनाच्या धोरणावर टीका करण्यास मनाई करतो, आणि आम्ही ती करत नाही. केवळ नोंद करतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले; परंतु अशा सोबत्यांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे सरकारचे आश्वासन निकालात नोंदवले, आणि १६ एप्रिल २०२४ रोजी ती समिती नेमलीही गेली. तिच्यापुढे मोठमोठे प्रश्न असतील. आमचा प्रश्न लहान आहे. भाकड वारी का होईना, ज्या शहराने या माणसांना एक रात्र उसनी दिली, तेथे त्यांनी एकमेकांना शोधले, आणि घरे उभी केली. ती घरे आता म्हातारी होऊ लागली आहेत. त्यांना नाचण्यास जागा नको आहे. इस्पितळाच्या नोंदवहीत, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जात आणि बदलीच्या कागदावर लिहिण्यापुरता एक शब्द हवा आहे.

आम्ही कारकून आहो. व्याख्येत एक शब्द वाढवण्यास किती कागद लागतो, ते आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. अर्धे पान पुरते.